बोरीपाशी थांबलेला जेसीबी

सिन्नरजवळचा डोंगर रस्त्यासाठी कापायला घेतला, तेव्हा मी पायथ्याच्या शाळेत शिकवत होते. सकाळी जीपमधून उतरले की जेसीबी चालवणारा तो माणूस दिसायचा. डोक्याला पंचा, गालात बडीशेप. मशीन सुरू करण्याआधी चाकाला हात लावून तो नमस्कार करायचा.

एकदा जेसीबी बंद होता आणि मुकादम त्याच्यावर ओरडत होता. पुढ्यातल्या बोरीच्या झुडपात काटक्यांचं घरटं होतं, चिमणीएवढ्या राखी पाखराचं. आत तीन पिल्लं.

"मॅडम, रस्ता काय, चार दिवसांनीबी व्हईल," तो मला म्हणाला. "ह्यांना पंख फुटूस्तोवर थांबाया नको?"

मग आठवडाभर मी ट्रेनिंगला गेले. परतले तर जेसीबीवर दुसराच माणूस आणि बोरीच्या जागी सपाट माती. मी विचारलं.

"त्याला कामावरून काढलं," नवा म्हणाला. "तरी रोज येऊन झुडपापुढं बसायचा, मला हात लावू देईना. काल पिल्लं उडाली, तवा उठला न् म्हणाला, आता चालव."

रस्ता कधीच झाला. बोर नेमकी कुठे होती, ते आता मलाही सांगता येत नाही. तरी त्या वळणावर गाडीचा वेग माझ्याकडून आपसूक कमी होतो.