नणंदेचा स्वभाव

बेचाळिसाव्या वर्षी मी घरबसल्या मानसशास्त्रात एम.ए. करत होते. ओळखीच्या एका माणसाची व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊन अहवाल लिहायचा, असं प्रात्यक्षिक होतं. मी मनवेलपाड्याच्या माझ्या घरून होळी नावाच्या गावी मोठ्या नणंदेकडे गेले. त्यांची तिथं भाजीची वाडी आहे, आणि सकाळी त्या बाजारात भाजी घेऊन बसतात.

ताई ओट्यावर मुळ्याच्या जुड्या बांधत होत्या. मी एकेक वाक्य वाचायचं आणि त्यांनी एक ते पाच यांतला आकडा सांगायचा; एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी खरं. ‘अनोळखी माणसांशी बोलताना मला भीती वाटते’ यावर त्या अडल्या.

“कुठं? बाजारात की लग्नात?”

“तसं नाही ताई, एकूण. एकच आकडा सांगा.”

“बाजारात मी कोनाला भीत नाय. लग्नात घाम फुटतो.”

“मग चार लिहू?”

“तुला जास्त समजतं. लिव.”

मी चार लिहिलं. स्वभाव म्हणजे माणसात पक्के बसलेले काही गुण, असं मानणारा सिद्धांत मी धरला होता. त्याचा तक्ता छान निघतो. पुढच्याच प्रकरणात दुसरं मत होतं: जागा बदलली की माणूस वेगळा वागतो, म्हणून आधी प्रसंग विचारावा. ते मी वाचलेलं होतं. पण मग आकडे जुळले नसते.

गणपतीत सगळे जमले तेव्हा मी तक्ता दाखवला. “ताईंचा स्वभाव मुळातच भित्रा निघाला,” मी म्हणाले. सगळे हसले. ताईही हसल्या, पण तक्ता बराच वेळ हातात धरून बसल्या.

काही महिन्यांनी पालिकेनं बाजारातल्या बायकांना जागेवरून हलवायचं ठरवलं. आजवर अशा वेळी ताईच पुढं होऊन बोलायच्या. या खेपेला त्या गेल्याच नाहीत. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या बाईनं मला वांगी तोलता तोलता सांगितलं, “बोलली, माझा सोभावच भित्रा हाय, वहिनीनं परीक्षा घेऊन काढलाय.” सगळ्यांची जागा मागच्या गल्लीत गेली होती. तिथं गिऱ्हाईक फिरकत नव्हतं.

पिशवी तशीच घेऊन मी होळीला ताईंकडे गेले.

“ताई, माझं चुकलं. तुम्ही विचारलंत तेच बरोबर होतं. पुस्तकातही तसंच आहे.”

“तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“मंग चारचौघांत हसवलंस कशाला?”

त्या अहवालाला चांगले गुण मिळाले होते, तेही सांगून टाकलं. त्या आत गेल्या आणि चहा ठेवला.

बायका अर्ज घेऊन पुन्हा पालिकेच्या कार्यालयात निघाल्या, तेव्हा ताईही गेल्या. मी हट्टानं सोबत गेले. साहेबांसमोर ताईंनी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं, आणि शेजारणीला पुढं केलं.

त्यानंतरच्या खेपेला मी घरी राहिले. त्या दिवशी ताई चांगला अर्धा तास बोलल्या, म्हणे. हेही मला त्यांच्या शेजारी बसणाऱ्या बाईनंच सांगितलं.