बुडबुड्याचे मार्क

करीम काझी मास्तर गेल्याची बातमी मला मोताळ्याच्या बाजारात कळली. मी वांगी निवडत होतो. रोहिणखेडचा एक ओळखीचा शिंपी शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे काझी मास्तर गेले नं. काल दफन झालं." मी "बरं" म्हटलं आणि वांगी निवडतच राहिलो. घरी आलो तेव्हा पिशवीत इतकी वांगी होती की बायको म्हणाली, "हे काऊन आनले एवढे? पंगत हाय का?" मी खाटेवर बसलो आणि तिला सांगितलं. तिनं पिशवी तिथंच ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मला मात्र रडू येईना. राग येत होता, आणि तो मेलेल्या माणसावर येतोय याची लाजही वाटत होती... आज काही आठवडे झाले, अजून त्यातलं नेमकं काय खरं ते मला कळलेलं नाही.

आम्ही दोघं एकाच हायस्कुलात, मास्तरांच्या खोलीतल्या एकाच टेबलाशी, समोरासमोर बसून नोकरी केली. मी गणित शिकवायचो, ते जीवशास्त्र. पेशीपासून सुरू करून वर्षअखेर उत्क्रांतीपर्यंत पोरांना ओढत न्यायचं, असं ते स्वतःच म्हणायचे. खिडकीत त्यांच्या रिकाम्या दौती ओळीनं मांडलेल्या असत, प्रत्येकीत पाणी आणि तोंडावर एकेक कांदा बसवलेला. पांढरी मुळं पाण्यात लोंबायची. हेडमास्तर सोवळ्यातले, त्यांना तो वास सहन व्हायचा नाही. शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र एकच, पितळी, मास्तर ते स्वतःच्या रुमालानं पुसत. कांद्याचा पापुद्रा काढायचा, पाण्याच्या थेंबात काचेवर ठेवायचा, वर दुसरी पातळ काच, आणि मग पोरांनी रांगेनं येऊन डोळा लावायचा. मलाही ते दरवर्षी बोलवायचे. "नारायणराव, एकदा डोळा लावून तर पाहा." मी म्हणायचो, "मले मालूम हाय काय दिसते ते. पुस्तकात चित्र हाय." मग ते रांगेतल्या पुढच्या पोराला बोलवायचे.

भांडण व्हायचं ते पेपर तपासताना. गणितात उत्तर बरोबर असतं नाहीतर चूक असतं, त्यामुळे माझा गठ्ठा भराभर उरके. करीम मास्तर एकेक पेपर असा वाचत जणू घरून खुशालीचं पत्र आलंय. कांद्याच्या पेशीचं चित्र काढा, असा प्रश्न ठरलेला. नवख्या पोरांचा पापुद्रा नीट बसत नाही, काचेखाली हवा अडकते आणि जाड काळ्या कडेचा गोल बुडबुडा दिसतो. पोरांना वाटतं हीच पेशी. मग तेच काळं वर्तुळ मोठ्या हौसेनं पेपरात काढतात. आणि करीम मास्तर त्याला मार्क देत! पुस्तकातल्यासारखी विटांची भिंत, प्रत्येक विटेत केंद्रक, असं साफ चित्र ज्यानं काढलं त्याला मात्र कधी कमी, कधी काहीच नाही. मी एकदा टेबलावर हात आपटून विचारलं, "अहो, बुडबुड्याले मार्क अन् पेशीले भोपळा, हा कुठला हिशोब?" ते शांतपणे म्हणाले, "बुडबुडा काढनाऱ्यानं डोळा लावला होता, नारायणराव. पुस्तकात बुडबुडा नाही." मी म्हटलं, "अन् ज्याले खरंच भिंत दिसली त्याचं काय? ते तुमाले कसं कळते?" त्यावर ते म्हणाले, "मले कळते." झालं. मी माझा गठ्ठा पुढं ओढला.

उत्क्रांतीच्या धड्याला तर कहरच झाला होता. माणूस आणि माकड यांचा पूर्वज एक होता काय, यावर एका पोरानं लिहिलं होतं की पुस्तकात हो म्हटले आहे, आमच्या वडिलांनी नाही म्हटले आहे, माकडाला विचारता आले नाही, म्हणून मला अजून माहीत नाही. मास्तरांनी त्याला पूर्ण मार्क दिले. हेडमास्तरांनी पेपर मागवून घेतला, शाळाखात्याचे इन्स्पेक्टर येतील तेव्हा तुम्ही काय दाखवणार असं विचारलं. "हेच दाखवतो," मास्तर म्हणाले. "पोट्ट्यानं कोनाचा साक्षीपुरावा मिळाला अन् कोनाचा नाही, ते सरळ लिव्हलं." पाच वक्त नमाज पढणारा हा माणूस पोरांना उत्क्रांती शिकवतो, तर त्याच्या स्वतःच्या मनात काय आहे, हे मला फार दिवस विचारायचं होतं. एकदा विचारलंही. ते हसले आणि म्हणाले, "मी तपासनारा हाय हो. मले काऊन पेपर सोडवाले लावता?" त्या उत्तरालाही किती मार्क द्यावेत ते मला ठरवता आलं नाही.

हे सगळं गमतीचं होतं, माझा मधू त्यांच्या वर्गात जाईपर्यंत. मधू हुशार. त्याला डॉक्टर व्हायचं होतं, नागपूरला जायचं होतं, आणि मी गावभर ते सांगून बसलो होतो. मॅट्रिकला बसवण्याआधी शाळा जी परीक्षा घेते, तीत तो जीवशास्त्रात थोडक्यानं राहिला. कांद्याच्या पेशीचं चित्र त्यानं विटांच्या भिंतीसारखं देखणं काढलं होतं. त्याखाली लाल पेन्सिलीनं भोपळा. तेवढे मार्क मिळाले असते तर तो सुटला असता. शाळेनं त्याला मॅट्रिकला पाठवलं नाही. पुढच्या वर्षी तो पास झाला, पण डॉक्टरकीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. आज तो नांदुऱ्याला स्टेशनावर मालाच्या पावत्या फाडतो. त्या निकालानंतर मी आणि करीम मास्तर कितीतरी दिवस एकाच टेबलाशी बसून बोललो नाही. मग हळूहळू पुन्हा बोलायला लागलो, पानाचा डबा पुन्हा टेबलाच्या मधोमध आला, पण मधूचा विषय दोघांनीही काढला नाही. माझ्या मुलावर अन्याय केलात की नाही, एवढंच मला त्यांच्या तोंडून हवं होतं. ते विचारायचं राहिलं, आणि ते गेले.

दिवाळीला मधू घरी आला. मी सांगितलं, तुझे करीम मास्तर गेले. तो अंगणातच बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला ते पाहवेना. मी चिडून म्हटलं, "ज्यानं तुयं वर्ष घालवलं त्याच्यासाठी रडून राह्यला तू?"

मधू म्हणाला, "बाबा, मी गेलो होतो त्याईच्याकडे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी."

"मंग?"

"म्या म्हटलं, सर, मी डोळा लावला होता. मले विटाच दिसल्या, म्हनून विटा काढल्या. ते म्हनले, बस इथं, डोळे मिट, अन् काय दिसलं ते सांग. मी डोळे मिटले..." मधूनं बाहीनं डोळे पुसले. "अन् बाबा, मले सांगताच येईना. काचेखालचं आठवते का पुस्तकातलं, काही समजेना. तसंच सांगितलं त्याईले."

"ते काय म्हनले?"

"त्याईनंही डोळे मिटून पाह्यले. मंग म्हनले, मलेही नाही सांगता येत बाबा. तुयं खरं असंल तर मी चुकलो."

माझ्यासमोर छातीठोकपणे "मले कळते" म्हणणारा माणूस माझ्या मुलाला म्हणाला होता की मला सांगता येत नाही. म्हणजे माझं म्हणणं बरोबर होतं, त्यांना कळत नव्हतं. यानं मला बरं वाटायला हवं होतं. उलट मला त्यांचा फार लोभ वाटला, आणि लगेच वाटलं, मग मार्क का नाही वाढवले? मधूला विचारलं, तर तो म्हणाला, ते वाढवतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं. "खात्री नसताना काऊन घ्याचे?" आता यात कुणी कुणावर अन्याय केला, हे ज्याला उमगेल त्यानं मला येऊन सांगावं. मी पाढ्यांचा माणूस, माझी मती इथं चालत नाही.

सुट्टी संपायच्या आत मी रोहिणखेडला जाऊन आलो. जुन्या मशिदीपलीकडे कबर आहे, माती अजून ओली वाटत होती. त्यांच्या भावानं चहा पाजला आणि सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "भाईजानचं काम अर्धंच झालं. शाळेचं शाळेले द्या." हेडमास्तर म्हणाले, नवीन मास्तर येईपर्यंत तुम्हीच तपासा, उत्तरं पुस्तकात आहेतच. मी हो म्हटलं आणि मास्तरांच्या खोलीत आमच्या दोघांच्या टेबलाशी गठ्ठा सोडला. वरच्या पेपरात जाड काळ्या कडेचं वर्तुळ होतं. त्याच्या खालच्यात विटांची सुरेख भिंत. लाल पेन्सिल घेऊन मी बराच वेळ बसलो आणि एकालाही मार्क देऊ शकलो नाही.

मग उठलो. खिडकीत दौतींवर कांदे तसेच होते, शाळेचा शिपाई पाणी घालत होता म्हणे. एक कांदा कापला. माझे हात जाड, पापुद्रा दोनदा फाटला. तिसऱ्यांदा कसाबसा काचेवर बसवला, पितळी यंत्र उजेडाकडे वळवलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळा लावला. आधी नुसता धूसर उजेड. मग चाक फिरवता फिरवता विटा दिसल्या. एकीला लागून एक, स्वच्छ भिंत. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं "दिसल्या!" म्हणालो, आणि यंत्रावरून डोळा काढून डोळे मिटले. तरी विटा दिसतच होत्या... त्या काचेखालच्या की पुस्तकातल्या, मला सांगता येईना.

विचारायला म्हणून मी समोरच्या खुर्चीकडे वळलो.