कठड्यापलीकडचा वॉल्टर

फुटबॉलच्या मैदानाच्या मध्ये खेळणाऱ्याला प्रेक्षकांचा नुसता गलका ऐकू येतो. कडेच्या रेघेने पळणाऱ्या विंगरला मात्र माणूस ऐकू येतो, अगदी नावानिशी. हॅस्लवर्थ क्लबच्या व्हर्नन ऑर्मरॉडला नऊ हंगाम जो ऐकू आला, तो वॉल्टर क्लेग. सूतगिरणीत बॉयलरवर कामाला, अन् आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा.

"ए ऑर्मरॉड! आमची सासू जोरात पळते रे तुझ्यापेक्षा, तेही हातात चहाची किटली घेऊन!"

मध्यंतरानंतर संघ बाजू बदलत, म्हणजे व्हर्नन समोरच्या कडेला. तर हा पठ्ठ्या गोलच्या मागून वळसा घालून तिथेही कठड्याला टेकून हजर! आता काय म्हणावं या माणसाला?

मग तो फेब्रुवारीतला चिखलातला सामना आला. वॉल्टरच्या पुढ्यातच एका धिप्पाड बचावपटूनं व्हर्ननला आडवा केला आणि पायात काहीतरी कडकन वाजलं. बदली खेळाडू तेव्हा नसतच. बादली घेऊन धावत आलेला ट्रेनर म्हणाला, "पडून राहा, पोरा. अजिबात हलू नकोस."

कठड्यावरून वॉल्टर ओरडला, "ऊठ रे! पुरे झाली नाटकं!"

व्हर्नन उठला. रागाच्या भरात उठला आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत त्याच पायावर पळला. पाय कायमचा गेला. ऐन अठ्ठाविशीत खेळ संपला आणि हातात बेकरीची गाडी आली. लोकांच्या पायऱ्या लंगडत चढायच्या, पाव पोचवायचे. गिरणीमागची वॉल्टरची गल्ली तेवढी त्यानं दुसऱ्याच्या गळ्यात मारली. "त्या क्लेगनं माझा पाय खाल्ला," हे तो म्हातारा होईपर्यंत सांगत राहिला.

वॉल्टर वारला, आणि आठवड्याभरानं त्याची मुलगी डोरीन व्हर्ननच्या दारात उभी.

"बाबांची राख कडेच्या रेघेपाशी टाकायला क्लबनं परवानगी दिलीय. ती तुमच्या हातून पडावी, असं सांगून गेलेत."

"माझ्या हातून? मेल्यावरही छळणार का हा मला?"

"त्या सामन्यानंतर बाबा मैदानात गेलेच नाहीत, मिस्टर ऑर्मरॉड. शनिवारी दुपारी घरात नुसते बसून असायचे. म्हणायचे, नऊ वर्षांत त्यानं माझं कधी ऐकलं नाही, नेमकं तेव्हाच कसं ऐकलं त्या खुळ्यानं?"

"मग येऊन सांगायचं होतं की तोंडावर!"

"यायचे ना. कोपऱ्यावरून तुमचं लंगडणं बघायचे आणि मागे फिरायचे."

व्हर्नननं आपल्या लंगड्या पायाकडे पाहिलं. पडून राहा, असं ट्रेनर सांगत होता आणि उठला होता तो स्वतःच. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण गेलेल्या पायासाठी रागवायला कोणीतरी हवं होतं, आणि वॉल्टर आयता सापडला होता. फार वाईट वाटलं त्याला.

शनिवारी सकाळी मैदान रिकामं होतं. डोरीननं डबा उघडून दिला. व्हर्नननं रेघेच्या कडेनं राख हळूहळू ओतली, थोडी वाऱ्यानं त्याच्याच बुटांवर आली. मग त्यानं कठड्यावर हात ठेवला.

"ऊठ रे वॉल्टर," तो म्हणाला, "पुरे झाली नाटकं."

डोरीननं तोंड फिरवलं. व्हर्नन कितीतरी वेळ तसाच उभा राहिला, पण उलटून शिवी आली नाही.