बैलाचा डोळा झाकला, स्वतःचा नाही

"डाव्या डोळ्यात वण पडलाय, तो आता जाणार नाही. उजवा मात्र वाचवता येईल. आजच सुरुवात करू."

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी असं सांगितलं, तेव्हा मी एकच विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"बरेच महिने झाले असावेत. दिवाळीच्या सुमारास आला असतात, तर डावाही बराचसा वाचला असता."

मी घोडेगावच्या बाजारात बैलांचा व्यापार करतो. वय अडुसष्ट. बैल घेताना आधी जबडा उघडून दात बघायचे, मग त्याचा एक डोळा तळहातानं झाकून दुसऱ्यापुढे हात हलवायचा. दोन्ही उघडे असले की काणा बैल कळत नाही, चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो. नवख्यांना मी हेच शिकवत आलो. चाळीस वर्षांत किती बैलांचे डोळे झाकले असतील, स्वतःचा एकदाही झाकला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आजाराचं नाव एज-रिलेटेड मॅक्युलर डिजनरेशन. डोळ्याच्या आतल्या पडद्याला रेटिना म्हणतात. त्याच्या मधोमध मॅक्युला नावाची छोटीशी जागा असते. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, ही सगळी कामं तिची. उतारवयात ती झिजते. मला झाला तो वेट, म्हणजे ओला प्रकार. यात त्या जागेखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात. कडेची नजर शाबूत राहते, त्यामुळे माणूस रस्त्यानं खुशाल चालतो आणि कुणाला संशय येत नाही. विडी ओढणाऱ्यांना धोका जास्त, असं बाई म्हणाल्या तेव्हा माझी लेक सुनीता माझ्या खिशाकडे बघत होती.

डावा कधी गेला ते मला कळलंच नाही. उजवा बिघडायला लागला तेव्हा दारासमोरचा विजेचा खांब मध्येच वाकडा दिसू लागला. मी वायरमनला शिव्या घातल्या.

मग त्या बैलाचा प्रकार घडला. सर्जेरावनं आणि मी वीस वर्षं बाजारात शेजारी-शेजारी व्यापार केला. त्याच्या दावणीचा बैल मी सहादाती, म्हणजे तरणा, समजून घेतला. दात नीट दिसेनात म्हणून मी बोट फिरवत होतो. सर्जेराव शेजारीच होता. "सहाच हायेत तात्या, कशाला येळ घालवता?" म्हणाला. घरी नेल्यावर कळलं, बैलाचे आठही दात जुळून झिजलेले. पार म्हातारा. बाजारभर हसू झालं आणि सुनीतानं मला गाडीत घातलं ते थेट दवाखान्यात.

तिथे थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या. मग ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो. हनुवटी टेकवून एका दिव्याकडे बघायचं, दुखत नाही. फोटोवर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "हा फुगवटा दिसतो ना, ते पाझरलेलं पाणी."

उपाय एकच, इंट्राव्हिट्रियल इंजेक्शन. म्हणजे सुई थेट डोळ्यात. पण डोळा आधी बधिर करतात, जरा दाब जाणवतो आणि काही क्षणांत संपतं. औषध त्या वाहिन्यांची वाढ रोखतं. दोन दिवस डोळा लाल होता. दुखणं वाढलं किंवा दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी यायचं, अशी ताकीद होती. पहिली तीन इंजेक्शनं महिन्या-महिन्यानं.

दुसऱ्या खेपेला बाहेर बाकावर बसलो होतो. बाजारातला चहावाला गणपत आईला मोतीबिंदूसाठी घेऊन आला होता. मला बघून तो हळहळला.

"तात्या, सर्जेरावांना तर दिवाळीतच कळलं हुतं. तुमच्या उजव्या डोळ्यात कचरा गेल्ता बघा, तुमी त्यो मिटून धरला हुता, तवा त्यांनी तुमच्या तोंडापुढं दोन बोटं धरली. तुमाला ती दिसलीच न्हाईत. आमाला म्हनले, डावा गेलाय म्हाताऱ्याचा, कुनी सांगू नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बैलाचं मी सोडून दिलं असतं, व्यापारात एकमेकांना टोप्या घालणं चालतंच. पण डोळा? त्यानं एक वाक्य बोलायचं होतं. 'तात्या, जरा दाखवून या.' बस, एवढंच.

त्या महिन्यात मी देवाचं नाव कमी आणि सर्जेरावचं जास्त घेतलं. पण एक कबूल करतो. एकही तारीख चुकली नाही ती त्या रागामुळेच. सर्जेरावचं पडलेलं तोंड बघायला मला उजवा डोळा हवा होता. विडीही त्याच्याच नावानं सोडली.

चौथ्या इंजेक्शननंतर खांब सरळ झाला. बाई म्हणाल्या, "छान आहे. आता अंतर वाढवू, पण येणं थांबवायचं नाही." पुढच्या बाजाराला मी घोडेगावात हजर.

गणपतच्या टपरीपाशी उभा राहून येईल त्या व्यापाऱ्याला म्हणालो, "ये इकडं, तुजा डोळा झाकून बघू." लोक हसत हसत पुढे आले. एकेकाचा डोळा मी तळहातानं झाकला आणि समोरचा खांब बघायला लावला. सर्जेराव एका शेतकऱ्याचा बैल बघत होता. चारचौघांत त्यालाही नाही म्हणता येईना.

मी त्याचा उजवा डोळा झाकला. "खांब सरळ हाय का?"

"हाय की तात्या."

डावा झाकला. "आता?"

"लख्ख दिसतोय."

खोटं कशाला बोलू, त्याचे दोन्ही चांगले निघाले याचं मला वाईट वाटलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "बघा रं! याचे दोन्ही डोळे लख्ख हायेत. म्हंजी माजा डोळा गेलेला यानं दिवाळीतच बघितला हुता, तरी मला सांगितलं न्हाई."

सर्जेराव खाली बघत राहिला. ज्याचा बैल तो बघत होता, त्या शेतकऱ्यानं त्याच्या हातातून कासरा काढून घेतला आणि बैल माझ्याकडे वळवला. सर्जेरावचं ते तोंड मी उजव्या डोळ्यानं पोटभर बघून घेतलं.

मी त्याला माफ केलेलं नाही. डॉक्टरीणबाईंचे उपकार जन्मभर विसरणार नाही, आणि सर्जेरावचेही नाही.

तुम्ही मात्र आजच एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघा, मग दुसरा झाकून. रेघ वाकडी दिसली, मध्ये डाग दिसला, तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि शेजाऱ्याची नजर अधू झालेली तुमच्या लक्षात आली, तर त्याला त्याच दिवशी सांगा. सांगणार नसाल, तर त्याचा दुसरा डोळा वाचू नये म्हणून देवाला नवस बोला.