दशरथकाकांची नावेची मोटर

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा तर कुणावर? मेकॅनिकवर, मालावर, का गिऱ्हाइकावर? मोताळ्यात माझं फवारणी पंपांचं दुकान आहे. इतकी वर्षं काउंटरमागे बसलोय, पण याचं पक्कं उत्तर अजून सापडलं नाही. किस्से मात्र ढिगानं सापडले! कपाशीवर फवारणी सुरू झाली की प्रत्येक बिघडलेल्या पंपामागे एक किस्सा येतोच. त्यातही अर्धा ढीग एकट्या दशरथकाकांच्या मोटरीचा.

काका धरणावर नाव चालवतात. मासे धरतात, आणि वेचणीच्या दिवसांत बायांना पलीकडच्या काठावर कापूस वेचायला नेऊन सोडतात. रस्त्यानं वळसा घातला तर बायांची अर्धी सकाळ चालण्यातच जाते. आधी काका वल्ही मारायचे. मग खांदा गेला. तेव्हा त्यांनी कोकणातून कुणाची तरी जुनी टू-स्ट्रोक मोटर आणली, नावेच्या मागे बसवली, आणि बिघडली की आणायला लागले माझ्याकडे!

मी म्हटलं, "काका, मी पंपवाला आहे."

काका म्हणाले, "मंग काय झालं? पंपबी पेट्रोलमधी ऑइल टाकून चालते, हेबी तसंच. एकाच भावकीतले हायेत दोघं!"

*

आमचे मेकॅनिक रफिकभाई. पंप नुसता हातात घेऊन हलवला तरी आत काय सैल झालंय ते सांगतील. त्यांनी काकांची मोटर बाकाला आवळली, दोरी ओढली, आणि ती दुकानातच सुरू केली. आवाज एकदम खणखणीत! सगळे खूश.

थोड्या वेळानं रबर जळल्याचा वास आला. पंप हवेवर थंड होतो, आणि ही बाई पाणी ओढून थंड होते, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाणी ओढणारी रबराची पंखी जळून गेली होती.

रफिकभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "शेठ, प्यासी थी बेचारी!"

*

पुढच्या वेळी आम्ही शहाणे झालो. पाण्यानं भरलेला ड्रम आणला, मोटर त्यात सोडली. पाणी मिळालं, मोटर गार. मग रफिकभाईंना वाटलं, गिअरपण टाकून पाहावा.

पंखा फिरला आणि अख्खा ड्रम बाहेर! शेजारी भज्यांची गाडी लागते. कढई तेवढी वाचली, पण कालवलेलं बेसन वाहून गेलं. भजीवाला झारा घेऊन आत आला. काका ओलेचिंब, तरी खुशीत. त्याला म्हणतात, "कावून चिडून राह्यला बे? लोकं धरण पाहाले तिकडं जातात, तुह्या दारात आलं!"

*

मोटर चालू असली की तिच्या अंगातून पाण्याची एक बारीक धार बाहेर पडते. धार दिसली म्हणजे आत पाणी खेळतंय, काळजी नाही. काकांचं सगळं लक्ष त्या धारेवर. एका सकाळी त्यांचा फोन आला, आवाज रडवेला. "शेठ, धार बंद हाय. आता काही वाचत नाही ते."

रफिकभाई आणि मी मोटरसायकलवर धरणावर गेलो. पाहतो तर काय, कुंभारीण माशीनं त्या भोकात मातीचं घर बांधलेलं! रफिकभाईंनी सायकलची तार घातली, माती टोकरली, मोटर सुरू केली. धार सुटली! काकांनी ती तळहातावर झेलली आणि डोळ्यांना लावली.

रफिकभाई म्हणाले, "काका, ये गंगाजल नहीं है."

"तुमाले नसन," काका म्हणाले.

*

ऑइलच्या बाबतीत काकांचा हात फार सढळ. मी माप दिलं होतं, पण जावयाला तूप वाढावं तसं ते ओतायचे. "जास्त टाकलं तं यंत्राले ताकदच येईन ना!"

एकदा इतका धूर झाला की काठावरच्या माणसांना नाव दिसेना. पेटली समजून लोक ओरडायला लागले. धुरातून काकांचा आवाज आला, "मी हाय इथंच! काठ कोणीकडं हाय तेवढं सांगा!"

*

आता खिळ्याचं. पंख्यात एक नरम खिळा असतो. पंखा पाण्याखाली कशाला अडकला की तो तुटतो आणि आतला गिअर वाचतो. धरणात बाभळीची खुटं बुडालेली, त्यामुळे खिळा सारखा तुटायचा. काका कंटाळले. नांगराच्या पोलादाचा खिळा घडवून घेतला आणि बसवला.

मग एक दिवस दुकानात आले. एका हातात गिअरचे तुकडे, दुसऱ्या हातात तो खिळा. चेहऱ्यावर दुःख आणि अभिमान, दोन्ही. "पाह्य शेठ, खिळ्याले ओरखडाबी नाही!"

यावर मात्र त्यांचा मुलगा गजानन चिडला. तो बुलढाण्याला नोकरीला असतो. माझ्या दुकानात, माझ्यासमोरच त्यानं बापाला सांगितलं, "आता पाण्याच्या मधात एकदा जरी बंद पडली, तं मोटर भंगारात. बाया बसतात नावेत. वल्हं माराले तुमचा खांदा हाय काय? घरी बसा."

"घरी बसून काय करू?" काका म्हणाले. "भिंतीले वल्ही मारू?"

पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. गजानन चूक बोलत नव्हता, हे त्यांनाही कळत होतं.

*

गिअर मिळाला, बसला. वेचणी सुरू झाली. सुट्टीत गजानन स्वतः नावेत बसायला आला. "आवाज ऐकाले चला," म्हणून काकांनी मलाही ओढून नेलं. वेचणाऱ्या बायांची म्होरकी सुमनमावशी. चढता चढता गजानन तिला म्हणाला, "मावशे, मी काही रोज नसतो इथं. मोटर कितीदा बंद पडली, याचा हिशोब तू ठेवजो." आणि पुढच्या टोकाला, जुन्या वल्ह्यापाशी जाऊन बसला, आमच्याकडे पाठ करून.

बरोबर मधोमध मोटरीनं उचकी दिली. गप्प.

काकांचा चेहरा उतरला. प्लग ऑइलनं माखला असणार. मी खिशातला पाना आणि नवा प्लग त्यांच्या हातात सरकवला. सुमनमावशीनं काकांकडे पाहिलं, गजाननच्या पाठीकडे पाहिलं, आणि मोठ्यानं विचारलं, "काय रे गजानन, लेकीचं बारसं कवा हाय?"

लगेच साऱ्या बाया सुरू झाल्या. "नाव काय ठेवणार?" "जेवाले काय हाय?" "आमाले बोलावतं का नाही?"

गजानन पुढे बघतच एकेकीला उत्तर देत होता. काकांनी प्लग काढला, नवा बसवला, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली.

घर्रर्र! काकांनी जो श्वास सोडला, तो मला मोटरीच्या आवाजातही ऐकू आला.

नाव काठाला लागली. गजाननच्या हातात वल्हं होतं, पाण्यानं निथळणारं. त्यानं ते खाली ठेवलं, सुमनमावशीला हात देऊन उतरवलं आणि म्हणाला,

"मावशे, हिशोब खरा ठेवजो बरं. अजून एकदाबी बंद नाही पडली."