खंडेनवमीची केबल

एका दसऱ्यानंतर ऊर्जानगरच्या वीज केंद्रातल्या आमच्या ड्रॉइंग विभागात सर्व्हरवरची फाइल उघडेपर्यंत चहा थंड होऊ लागला. तीच फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली की लगेच उघडे. मला काही समजेना. मी विभागप्रमुख, स्कॅनिंग करणाऱ्या बाईंच्या जड फाइलींवर ठपका ठेवून मोकळा झालो.

“भाऊ, मी सुट्टीवर होती तवाबी असंच होतं ना?” त्या म्हणाल्या.

“मंग काय बाई, सर्व्हरमंदी भूत बसलं?” माझ्या या बोलण्यावर सगळे हसले.

त्यांची बदली कोळशाच्या गोदामात झाली, तरी फाइली रखडतच राहिल्या.

पुढच्या खंडेनवमीला पूजेसाठी सर्व्हर पुसताना दिसलं, त्याची केबल नेटवर्कच्या जुन्या, मंद स्विचमध्ये होती. गेल्या पूजेनंतर ती तिथे मीच खोचली होती. मुकाट्याने नव्या स्विचमध्ये लावली, तशा फाइली धावू लागल्या.

“बाईंच्या जड फाइली सरल्या अन् सर्व्हर सुटला!” कुणीतरी म्हणालं. मी मान डोलावली. का डोलावली, ते अजून उमगत नाही.

बाईंचा काहीच दोष नव्हता. निवृत्तीनंतर त्या कोरपन्याला राहतात. हे लिहिलेलं पान आधी त्यांनाच दाखवीन.