माहेरच्या माणसाचं खरेदीखत

मालनबाईंनी आयुष्यात कुणापुढं हात पसरला नाही आणि कुणाकडून काही लिहूनही घेतलं नाही. दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान होता. त्यातल्या दुसऱ्या अभिमानापायी घर जायची वेळ आली.

चिकलठाण्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून, नवऱ्यामागं मिळालेला फंड हात न लावता राखून, पन्नाशी उलटल्यावर त्यांनी शहरातच दोन खोल्यांचं घर घेतलं. विकणारा पुंजाराम. लासूर स्टेशनजवळच्या त्यांच्या माहेरगावचा, आईच्या घराला भिंत लागून राहणारा. रक्ताचा नव्हे, पण माहेरच्या गावचा प्रत्येक पुरुष भाऊच, आणि मालनबाईंना सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेचं ताट वर्षानुवर्षं पुंजारामपुढंच फिरलेलं.

"पुंजादादा, घरपट्टीचं काय?" व्यवहाराआधी त्यांनी एवढं विचारलं होतं.

"चुकती हाय सगळी. ही घे पावती. बहिणीला फसवीन व्हय मी?"

दस्त लिहिणाऱ्यानं खरेदीखताच्या मसुद्यात एक ओळ घातली होती: आजवरच्या सगळ्या करांची जबाबदारी विकणाऱ्याची. ती वाचून दाखवली तसा पुंजाराम मान खाली घालून बसला. मालनबाईंनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला ओवाळलं त्याच्याकडून असलं लिहून घ्यायचं?

"खोडा ती ओळ. भावाबहिणीत कसली जबाबदारी लिहायलात?"

लिहिणाऱ्यानं दोनदा विचारलं, मग खोडली. बाहेर पडल्यावर पुंजारामनं साडीचोळी दिली. साडी झकास होती, ते नाकारायचं कारण नाही.

वर्षाच्या आत महापालिकेची नोटीस आली. घरपट्टीची कित्येक वर्षांची थकबाकी, वर दंड. भरा, नाहीतर जप्ती. पावती घेऊन मालनबाई तडक महापालिकेत गेल्या. खिडकीतल्या बाईनं ती उलटसुलट करून पाहिली.

"मावशी, ही नुसत्या खुल्या जागेची. घर बांधल्यावर त्याला वेगळा नंबर पडलाय. त्यावर एकदाही भरणा नाही."

पावती खरी होती. खोटं होतं ते पुंजारामचं तोंड.

त्यांनी तिथूनच त्याला फोन लावला.

"ओळ तूच खोडायला लावली, मालन," तो थंडपणे म्हणाला. "आता घर तुव्हं, पट्टी तुव्ही. आन् काकूच्या गोळ्या संपत आल्यात. उद्या आणून देतो मी."

काकू म्हणजे मालनबाईंची आई, आवडाबाई. वय ऐंशीच्या घरात, गावात एकटी. दवाखाना, गोळ्या, गॅसची टाकी, सगळं पुंजाराम बघायचा. गोळ्यांचा विषय त्यानं उगीच काढला नव्हता. मालनबाईंना ते नीट कळलं.

कँटीनमधल्या बायकांनी त्यांना ओढतच जिल्हा न्यायालयात नेलं, विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत. तिथं करुणा नावाची तरुण वकील बसली होती.

"बाईमाणसाला इथं वकील फुकट मिळतो. हक्क आहे तुमचा, कुणाचे उपकार नाहीत," ती म्हणाली.

"पण ओळ मीच खोडायला लावली ना बाई."

"ओळ खोडली म्हणून कायदा खोडला जात नाही. विक्रीच्या तारखेपर्यंतचे कर विकणाऱ्यानंच भरायचे, हे कायद्यातच आहे. दोघांत उलटं ठरलं असेल तरच ते बदलतं. जुनी बाकी तुम्ही भराल असं खतात कुठं लिहिलंय?"

"नाय."

"मग झालं तर. पण महापालिकेला तुमच्या भांडणाशी घेणंदेणं नाही. कराचा बोजा घरावर. आधी तुम्ही भरा, हप्ते मिळतात का विचारा, भरल्याचा पुरावा जपा. मग त्याच्याकडून वसूल करू. पहिली नोटीस. मग लोकअदालतीत समोरासमोर. तिथं तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकमासारखी, वर अपील नाही. नाही जमलं तर दिवाणी दावा. मुदत तीन वर्षांची, झोपून राहू नका."

"आन् पोलीस?"

"पहिल्यापासून फसवायचंच म्हणून ही पावती दाखवली, असं सिद्ध करता आलं तर फसवणुकीचा गुन्हाही होतो. पाठवू नोटीस?"

"थांबा. आईला विचारते."

कोर्टाची भीती त्यांना नव्हतीच. रविवारी त्या रेल्वेनं लासूरला आणि तिथून गावी गेल्या. आवडाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"पुंजा येऊन गेला," आवडाबाई म्हणाल्या. "म्हणला, मालनला समजाव."

"मग तू काय म्हणलीस?"

"काय म्हणू? चहा पाजला."

"आई, मी कोर्टात गेले तर तो तुह्याकडं ढुंकून बघायचा नाय."

"मग मह्या गोळ्यांपायी तू घर घालवतीस का? भाड्याच्या खोलीत आईला कुठं ठेवू, म्हणायचीस. आता तं घर हाय ना?"

"तू येशील तिथं?"

आवडाबाईंनी बराच वेळ एकच शेंग चोळली. "मला यायचं नाय," त्या म्हणाल्या. "पण येईन."

मालनबाईंनी महापालिकेत पहिला हप्ता भरला आणि करुणानं नोटीस धाडली. लोकअदालतीत पुंजाराम परीटघडीचे कपडे घालून आला आणि त्यानं तेच पालुपद लावलं, ओळ तिनंच खोडली. करुणानं पावती त्याच्यापुढं ठेवली.

"ही खुल्या जागेची. तुम्ही विकलं काय, जागा की घर?"

पुंजारामनं रुमाल काढून मान पुसली. तो हप्त्यांनी सगळी थकबाकी द्यायला कबूल झाला. तडजोडीचा कागद आला तसा तो मालनबाईंकडं वळला.

"सही करतो मी. पण माहेर तुटलं तुव्हं."

मालनबाईंनी आधी कागद करुणाकडून मोठ्यानं वाचून घेतला, शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणाल्या, "कर सही, दादा."

पुढच्या रविवारी त्या आईला आणायला गेल्या. निरोप द्यायला गल्लीतलं कुणी बाहेर आलं नाही. पुंजारामचं दार दिवसाढवळ्या बंद. आवडाबाईंनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली हातात घेऊन उभ्या राहिल्या. गाव सोडताना ती कायम शेजारच्या दारात द्यायची सवय.

"आता कुणापाशी ठिवू ही?"

मालनबाईंनी हात पुढं केला. आवडाबाईंनी दिली नाही. पदराच्या गाठीत बांधली, गाठ दोनदा आवळली आणि रस्त्याला लागल्या.